सख्खे मेहुणे आणि एक गोळी

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, पाठीवरचा टाक्यांचा व्रण अजून वाकू देत नाही). तुझे गुडघे आणि भावोजींचा राग, दोन्हींना उतार असेल अशी आशा.

इकडे मी मजेत. लहानपणी तू ज्यावरून चिडवायचीस तो माझ्या पाठीवरचा तीळ आठवतो? जन्मभर शिडीवर चढून उन्हात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्या उन्हात तो मागच्या मागे वाढला. (स्वतःची पाठ दिसत नाही, आणि घरात ती बघणारं दुसरं कोणी नाही.) कापला, पण तोवर त्वचेचा कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. आता इम्युनोथेरपी चालू आहे, म्हणजे अंगातल्या झोपाळू पहारेकऱ्यांना सलाईनमधून औषध देऊन उठवायचं. त्याच्या जोडीला एक गोळी दिली तर जास्त गुण येतो का, याची चाचणी चालली आहे आणि त्यात मी आहे. माझी गोळी खरी की नुसती पिठाची, हे मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही नाही! डॉक्टरांना काही माहीत नसतं असा माझा जुना संशय होता. या बाईंनी तसं लेखी दिलं.

नियम एकच जाचक: सोबतीला घरचं माणूस हवं. (औषधाने चक्कर आली तर घरी कोण नेणार?) शेजारच्या खुर्चीतले हेडमास्तरही माझ्यासारखेच एकटे, चाचणीही तीच. तेव्हा आम्ही डोकं लढवलं: मी त्यांचा मेहुणा, ते माझे. काही खेपा छान निभावल्या. मग एकदा दोघांनाही एकदमच हुडहुडी भरली. नर्सने विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?" दोघांनीही सलाईन लावलेले हात वर केले. ती आधी हसली, मग चांगलीच रागावली.

गेल्या खेपेला हेडमास्तर आले नाहीत. काउंटरवर चौकशी केली, तर तिथला माणूस म्हणाला, "ते गेले की! तुम्ही मेहुणे ना त्यांचे? तुम्हाला कुणी कळवलं नाही?" त्या दिवशी फार एकटं वाटलं, ताई. त्यांची खुर्ची रिकामीच होती, तरी मी माझी पिशवी तिच्यावर ठेवली नाही. नर्सने 'ही शेवटची सूट' म्हणत सलाईन लावली.

तू मात्र काळजी करू नकोस. यायची तर मुळीच घाई नको.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढची सलाईन गुरुवारी आहे. सोबत नसेल तर लावणार नाहीत. मी तुझं नाव सांगून बसलो आहे. सख्खी बहीण म्हटलं, तरी नर्सचा विश्वास बसलेला नाही.

पुन्हा ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. फुप्फुसातली गाठ निम्मी झाली आहे. गोळीने की पहारेकऱ्यांनी, देव जाणे. इतकी मोठी बातमी पोटात राहीना, म्हणून टॅक्सीवाल्याला सांगितली. तो म्हणाला, "बरं. डावीकडे घेऊ का?"