चौदाच फेऱ्या

पिंपळी, सोमवार, मे १९५६

काल पुण्यात पंधराशे मीटर पोहण्याची शर्यत जिंकली आणि लगेच परतही दिली. तलावात जाऊन-येऊन पंधरा फेऱ्या मारायच्या होत्या. माझ्या फेऱ्या मोजणारे पंच चुकले आणि शेवटच्या फेरीची घंटा एक फेरी आधीच वाजली. चौदा झाल्यात हे मला ठाऊक होतं. तरी मी थांबलो. कालव्यात पोहून शिकलेला गडी म्हणून लोकांनी कौतुक केलं, गळ्यात हार घातला. हार पडेपर्यंत मी गप्प होतो. मग पंचांना सांगितलं. नाव बाद झालं. राज्याच्या संघातली जागाही गेली. एकतीस वय, आता पुन्हा कोण घेतंय?

आज आबांना सगळं सांगितलं. उसाला पाणी देता देता त्यांनी विचारलं, "तुला कुणी इचारलं व्हतं का?"

"न्हाय."

"मग बरं केलंस. पर हार घालायच्या आधी का न्हाय बोललास?"

मी पुढच्या सरीत पाणी वळवलं. जागा गेल्याचं फारसं वाटत नाही. हाराचं मात्र वाटतं. गळ्यात हार पडला की कसं वाटतं, ते एकदा बघायचं होतं. चांगलं वाटलं.