दुखण्याची वही

ती. ताईस,

डाव्या हाताने लिहिलेला नमस्कार गोड मानून घे. तुझा गुडघा काय म्हणतो, आणि भाऊजींना चष्मा सापडला की तो शोधायला त्यांनी दुसरा घेतला, ते सविस्तर कळव. मागचं पत्र माझ्या सांगण्यावरून हिने लिहिलं होतं. त्यात 'कारखान्यात हात जरा खरचटला' असं होतं. खरचटलेली तीन बोटं आता हाताला नाहीत. रागावू नकोस. कसं कळवावं तेच सुचत नव्हतं.

पाकिटं बंद करायच्या यंत्रावरची, बोटं आत जाऊ नयेत म्हणून असलेली जाळी कंपनीने काम भराभर व्हावं म्हणून काढून ठेवली होती. आता म्हणतात, माझंच लक्ष नव्हतं. (बावीस वर्षांत तेवढं एकदाच.) म्हणून मी अशा वकिलांकडे गेलो, जे फक्त आमच्यासारख्या मोडक्या माणसांच्या बाजूने मोठ्या कंपन्यांशी भांडतात. तिथल्या बाकावर बसणं म्हणजे एक शिक्षणच आहे. जिना धड चढून आलेली माणसं दारातून आत शिरताना जरा जास्तच लंगडतात. परवा मीही लंगडलो, दुखणं हाताचं असून. पाठ मोडलेल्या एका ड्रायव्हरने सरकून मला जागा दिली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या वकीलबाई मनाने सोनं, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी एक वही दिली. रोज काय दुखलं, काय जमलं नाही, ते त्यात लिहायचं. कोर्टात ती वहीच बोलेल म्हणाल्या. मी इमानेइतबारे लिहिलं. पण वही हिच्या हाती पडणार हे मला ठाऊक (या घरात लपवलेलं काही दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही), तेव्हा लिहिलं, 'आज बरं आहे.' रविवारी, 'आज पुष्कळ बरं आहे.' असे चार महिने. परवा वकीलबाईंनी वही उघडली आणि डोक्याला हात लावला. "अहो, ही वही कंपनीच्या वकिलाला लिहायला सांगितली असती, तरी त्याला इतकी चांगली जमली नसती." वही हजर करू असं कोर्टात आधीच सांगून झालंय, तेव्हा आता पुढच्या तारखेला तो ती वाचून दाखवणार आणि आमचा खटला तिथेच बसणार.

मग त्या म्हणाल्या, घराबाहेरच्या ज्या माणसाला खरं सांगता येईल त्याला पत्र लिहा, ते आपण कोर्टात देऊ. तर खरं असं आहे. ही पहाटे कामावर जाते, म्हणून धाकटीची वेणी पाच वर्षं मीच घालतो. आता डाव्या हाताने आणि उजव्याच्या उरल्यासुरल्या बोटांनी घालतो. ती आरशात बघून म्हणते, "मस्त झालीय, बाबा." परवा डबा विसरली म्हणून मागे धावलो, तर कोपऱ्यावर उभी राहून वेणी सोडून पुन्हा घालत होती. भराभर, रोजची सवय असल्यासारखी. मी तिला दिसलो नाही. डबा नंतर शाळेच्या शिपायाकडे दिला आणि घरी येऊन खूप रडलो. दुखतं ते हे, ताई. वहीत कुठे लिहू?

तुझा,
धाकटा

ता. क. तारखेला तू स्वतः ये. हा लहानपणापासून खोटारडा आहे, 'बरं आहे' म्हणाला की काहीतरी बिनसलंय असं समजावं, एवढं शपथेवर सांग.

ता. क. दुसरा. वकीलबाई हे पत्र मागतील. देऊ नकोस. कोर्टात वाचलं तर मला ठाऊक आहे हे धाकटीला कळेल, आणि मग ती माझी वाकडी वेणी तशीच घालून शाळेत जाईल.