मर्सीनं न सांगितलेलं नाव

मंगळवार, ९ नोव्हेंबर १९७१, स्कार्नबी

लेस्टरहून रेल्वे आणि पुढे दोन बसगाड्या: एक पौंड ब्याऐंशी नवे पेन्स. खोली आठवड्याला नऊ पौंड, न्याहारी आणि संध्याकाळचं जेवण धरून. चर्चच्या जुन्या नोंदवह्या बघण्याची फी दोन पौंड. वंशवृक्ष सोनेरी शाईनं रंगवून चौकटीत बसवून देणारा चितारी चाळीस मागतो, पस्तिसाला येईल. सगळं मिळून पन्नासच्या आत. पण खरी किंमत मी सप्टेंबरातच मोजून बसलोय. माझी लेक मॉरीन गरोदर आहे म्हणून तिच्या सासरी जेवण होतं. तिचे सासरे कर्नल स्ट्रिकलंड चीज कापता कापता म्हणाले, "हॅडन, आमच्याकडून बाळाला सात पिढ्यांचा पाळणा येणार. तुमच्याकडून काय, मोजे?" सगळे हसले. मीही हसलो. मोजे विकून मोठा झालेला माणूस हसायला लवकर शिकतो.

तर आता मीही पिढ्या घेऊन जाणार. आमचा मूळपुरुष जोसाया हॅडन याच गावचा. तो पाठीवर विणकामाचा माग बांधून लेस्टरला चालत आला, एवढं घरात सगळ्यांना माहीत. त्याचा बाप कोण, हे विचारलं की आजोबा पाइप पेटवायला लागायचे. बाप कुणी जहागीरदार निघाला तर कर्नलच्या नाकावर टिच्चून सांगेन. गाडीवान निघाला तरी चालेल. नाव मिळालं की चौकट पुरी झाली. मॉरीनचे दिवस महिनाअखेरीस भरतात, तोवर वेळ भरपूर.

घरमालकीण लेगेटबाई साठीची आहे, गोल, गप्पिष्ट. नवरा चर्चचा राखणदार होता. तो गेल्यापासून चर्चच्या किल्ल्या हिच्याकडे. हात सदा एप्रनखाली. मी पोचलो तर म्हणाली, "आलात एकदाचे. नोंदवह्या हव्यात म्हणून पत्रं पुष्कळ येतात, ऑस्ट्रेलियातूनसुद्धा. माणूस येत नाही." पाद्रीसाहेबांच्या परवानगीच्या कागदावर माझी सही झाली, मग मनुकांचा पाव आणि चहा. पावावर चीज घालून खातात इथे. झकास लागतं.

बुधवार, १० नोव्हेंबर

चर्चच्या मागच्या खोलीत दिवस काढला. ओकच्या पेटीला तीन कुलुपं. पूर्वी तिन्ही किल्ल्या तीन माणसांकडे असत, म्हणजे एकट्यादुकट्याला नोंद बदलता येऊ नये. मला हे पटलं. मी लेगेटबाईला सांगितलं, चाळीस वर्षांत मी न वाचता एकाही कागदावर सही केलेली नाही. दोन बँक मॅनेजर माझी वाट बघत म्हातारे झाले. ती म्हणाली, "तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे हो, हॅडनसाहेब."

अडीच वाजता जोसाया सापडला. १९ नोव्हेंबर १७९३ला बाप्तिस्मा. "जोसाया, मर्सी हॅडन हिचा अनौरस मुलगा. बाप" आणि पुढे रिकामी जागा. दीड बोट रुंद. बाकीच्या ओळी गिचमीड लिहिलेल्या, हीच तेवढी ऐसपैस सोडलेली, कुणी येऊन भरेल अशी. मग दफनाची वही उघडली. मर्सी हॅडन, वय एकोणीस. तारीख तीच.

पेटीमागे एक बुटका दरवाजा आहे. त्याच्या पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं, ओझं घेऊन चढ चढावा तसं. मला वाटलं कोळसेवाला. माझे कान खोटं सांगत नाहीत. चाळीस यंत्रं सुरू असताना एकाची सुई मोडली तर मी ऑफिसात बसून यंत्राचा नंबर सांगायचो.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

लेगेटबाईला बुटक्या दरवाजाचं विचारलं. खुंटीवरची किल्ली घ्या, उघडून बघा म्हणाली. उघडला. आत विटांची भिंत, दाराला चिकटून. जुनी.

ती म्हणाली, तिथं गावकीची खोली होती. गावातली लग्नाशिवाय गरोदर राहिलेली मुलगी बाळंतपणाला तिथं आणायचे. बाप कोण हे ठरलं नाही तर पोराला पोसायचं गावकीला, म्हणजे प्रत्येक घरावर कर वाढणार. म्हणून सुईणीला ताकीद असायची: कळा सुरू झाल्या की विचारायचं, कुणाचं? नाव सांगेपर्यंत हात लावायचा नाही. कळांपुढे बहुतेकजणी सांगायच्या. मग त्या माणसाला धरून आणायचे आणि हमीपत्रावर सही घ्यायचे.

मी विचारलं, मर्सीनं नाही सांगितलं?

"तीन दिवस नाही," लेगेटबाई म्हणाली. "शेवटी पोर निघालं. ती नाही निघाली."

सुईण कोण होती, तेही मी विचारलं. "लेगेट," ती म्हणाली. "आमच्यातल्याच होत्या सगळ्या." आणि ताटं उचलायला मला सांगितलं, कारण तिचे हात दुखत होते. तिनं ताट उचललेलं मी अजून पाहिलेलं नाही. चहाही किटलीतून मीच ओततो.

शनिवार, १३ नोव्हेंबर

हमीपत्रांचं गाठोडं पेटीत नाही. बाकी सगळं आहे, गाठोड्याची दोरीसुद्धा आहे. लेगेटबाई म्हणते उंदरांनी खाल्लं असेल. दोरी सोडून?

दरवाजापलीकडे आज दोन आवाज होते. एक धापा टाकणारा, तरुण. दुसरा वयस्क, शांत, कंटाळलेला. दुसरा आवाज मधूनमधून एकच शब्द बोलतो आणि थांबतो. शब्द कळला नाही. चढणारा सूर कळला. प्रश्न आहे.

मी दार उघडलं. विटा. विटांना कान लावला तर विटा कोमट.

रविवार, १४ नोव्हेंबर

पाद्री आले होते, तीन गावं सांभाळतात, घाईत असतात. त्यांना मागच्या खोलीत उभं केलं. त्यांना काही ऐकू येईना. धुराड्यात वारा घुमतो म्हणाले. मग म्हणाले, नोंदवह्या बघायला माझी कसली लेखी परवानगी लागत नाही, लेगेटबाईंना सांगितलं की झालं.

मग मी सही कशावर केली, हे विचारायचं राहिलं. प्रार्थनेची घंटा झाली.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

शब्द कळला. "कुणाचं?"

दर वेळी त्याच सुरात. बाजारात भाजीचा भाव विचारावा तसा. आणि तरुण आवाज उत्तर देत नाही. दात आवळलेले आहेत, ते ऐकू येतं मला.

इथं मिळण्यासारखं आणखी काही नाही. उद्याच्या बसनं निघायचं. बापाची जागा चौकटीत रिकामी राहिली तर राहिली. कर्नल हसू देत.

बुधवार, १७ नोव्हेंबर

सामान बांधून स्टॉपवर उभा होतो. समोरच टेलिफोनची खोली, म्हटलं मॉरीनला कळवावं. जावई जाईल्सनं उचलला. पहाटे तिला हॉस्पिटलात नेलंय. दोन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या.

डॉक्टर म्हणतात काळजी नको. सरळ हॉस्पिटलात येतो म्हटलं.

मग जाईल्स जरा चाचरला. म्हणाला, तुमची लेक काहीतरी बरळते आहे. उशाशी एक म्हातारी हात बांधून उभी आहे म्हणते. विचारते, कुणाचं? मॉरीननं सांगितलं, जाईल्सचं, माझ्या नवऱ्याचं. तर म्हातारी म्हणाली, हे नाही. आधीचं सांग. त्याशिवाय हात लावता येत नाही.

बस आली आणि गेली. मी टेलिफोनच्या खोलीतच होतो.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

तासातासाला फोन. सगळं ठीक आहे आणि काहीच पुढे सरकत नाही. डॉक्टर चक्रावलेत. ऑपरेशनला नेतात आणि परत आणतात, वीज जाते, हत्यारं सापडत नाहीत. जाईल्स रडत होता. कर्नलनं फोन घेतला आणि पहिल्यांदाच मला विल्फ्रेड म्हणाले. म्हणाले, विल्फ्रेड, काही करता येण्यासारखं असेल तर करा.

लेगेटबाईला धरलं. स्वयंपाकघरात, उजेडात. तिनं एप्रनखालून हात काढले. मुठी. घट्ट मिटलेल्या, बोटं एकमेकांत रुतलेली. म्हणाली, किल्ल्या हातात आल्या त्या दिवसापासून अशा. सासूच्या अशाच होत्या, तिच्या सासूच्याही. नाव ऐकल्याशिवाय उघडायच्या नाहीत, अशी ताकीद कुणी परत घेतलीच नाही ना.

मी विचारलं, खरा बाप कोण होता?

"ते कुणाला ठाऊक," ती म्हणाली. "गावकीला खऱ्याशी काय करायचंय, हॅडनसाहेब? भार कोण घेतो एवढंच हवं असतं. पण घेणारा रक्तातला हवा. आणि इथं यायला हवा."

शुक्रवार, १९ नोव्हेंबर. सकाळ

फोन लागला. मॉरीनचा आवाज मागून ऐकला. दात आवळलेले. तोच आवाज. सुई मोडली तर नंबर सांगणारे माझे कान, ते

मागच्या खोलीत गेलो. "कुणाचं?" पलीकडून नव्हे. खोलीत.

मी म्हणालो, माझं. विल्फ्रेड हॅडनचं. लेस्टरचा मोजेवाला. भार माझा.

थांबलं सगळं. मग पाण्याचा आवाज. कुणीतरी हात धुतंय.

साडेअकरा

मुलगा. सव्वाआठ पौंड. मॉरीन सुखरूप, चहा मागते आहे. जाईल्स म्हणाला सगळं दोन मिनिटांत झालं, जणू कुणी अडकलेली कडी काढली. कर्नल म्हणाले, विल्फ्रेड, पाळण्यात तुमच्याकडचे मोजे घालू.

मी दिलं नाव. सौदा कळत असताना, डोळे उघडे ठेवून, आपण होऊन दिलं. आयुष्यात केलेल्या सौद्यांत हा उत्तम. दोनची बस पकडतो.

अडीच

बस थांबली नाही. हात केला, ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. माझ्यामागच्या भिंतीकडे बघावं तसा.

चालत निघालो. पुलापर्यंत. पुलाच्या पुढे पाय — रस्ता दिसतो, बीट भरलेल्या लॉऱ्या जाताना दिसतात. पाय उचलत नाही.

साडेतीन

नोंदवही उघडली. बाप: विल्फ्रेड हॅडन. दीड बोटात बरोबर मावलंय. शाई तपकिरी, फिकट, बाकीच्या ओळींइतकीच जुनी.

बुटक्या दरवाजामागे विटा नाहीत. खोली आहे. खाट, बादली, शेकोटी. खाटेवर आता कुणी नाही. तान्हं रडतंय.

चार

लेगेटबाई आली. मनुकांचा पाव तिनं स्वतः कापला. बोटं मोकळी, गुलाबी. मला म्हणाली, "खाऊन घ्या. आता जागरणं आहेत." मग एप्रनमधून कागद काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "सकाळी तुम्ही तोंडानं बोललात ते मर्सीसाठी. गावकीचं काम कागदावर चालतं, ते केव्हाच झालंय."

हमीपत्र. पिवळं. जोसाया नावाच्या मुलाचा भार मी घेतो, तो स्वतःच्या पायांनी गाव सोडून जाईपर्यंत मी या गावाची हद्द ओलांडणार नाही —

जोसाया लेस्टरला निघाला तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

ती आत गेलीये. रडणं जवळ येतंय. दुपट्यात गुंडाळून ती

कागदाला मधोमध घडी आहे. मजकूर सगळा वरच्या भागात. सही खाली, माझ्याच निळ्या पेनाची, ९ नोव्हेंबरची. चहा गार होत होता, घडी उलगडून वरचं मी वाचलंच न—