रंगूबाईच्या गाईचं देणं

निफाड

प्रिय यशश्री,

तू दुसरीत असशील. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे आली होतीस. मी गोठ्याच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते आणि तू गाईच्या डाव्या कुशीला कान लावून उभी होतीस. बराच वेळ ऐकलंस आणि गंभीर चेहऱ्याने मला म्हणालीस, "मावशी, आत कोणीतरी राहतं." तुझे काका द्राक्षबागेतून नुकतेच आले होते. ते म्हणाले, "भाडेकरू आहेत, बाळ. भाडं देत नाहीत, पण स्वयंपाक करतात." तेवढ्यात तुझ्या आईने जेवायला हाक मारली आणि तू माझ्या पदरातल्या शेंगा फ्रॉकमध्ये भरून पळालीस. एवढंच झालं होतं, पण अलीकडे मला ते फार आठवतं.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, आभार तोंडाने मानले की वाऱ्यावर जातात, ते लिहून द्यावेत. म्हणून फोन हाताशी असूनही कागद घेऊन बसले आहे.

काकांच्या वर्षश्राद्धाला तुला हरसूलच्या जनावरांच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे नेमकं काय झालं ते तू फक्त फोनवर ऐकलंस. पंगती उठल्या, घरच्यांनी गोग्रास दिला, तिथे खरं तर संपायला हवं होतं. पण काकांना मानणारी माणसं किती होती, तुला माहीत आहे. हात धुवायला जो मागे गेला, त्याने आपल्याबरोबर काहीतरी नेलं. कोणी खीर-पुरी, कोणी वडे, कोणी भाताचा मोठा मुटका. डेझी काकांची लाडकी गाय, तिच्या मुखी घास घातला की त्यांना पोचेल, असं प्रत्येकाला वाटलं आणि प्रत्येकाला वाटलं की आपण एकच घास दिला. उरलेल्या भाताचं पातेलंही कोणीतरी मायेनेच तिच्यापुढे ठेवलं. कोणाला बोल लावू? मला तर ते पाहून भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेझीने चाऱ्याला तोंड लावलं नाही. रवंथ बंद, पोट तट्ट, शेण पाण्यासारखं आणि आंबूस. ती दात खात उभी होती. दत्तू तिचं सगळं करतो, तो तिच्या कुशीला कान लावून म्हणाला, "बाई, आत काहीच वाजत नाय. लय वाईट हे." तेव्हा तुला फोन केला. ही गाय गेली असती, यशू, तर काकांच्या हातचं जिवंत असं माझ्याकडे काहीच उरलं नसतं. हे मी तेव्हा तुला बोलले नाही.

तू दुपारपर्यंत पोचलीस. आल्या आल्या सलवार खोचलीस, नळी घातलीस, पोटातलं ते आंबलेलं पाणी काढलंस, सोडा दिलास, सलाईन लावलंस. हात चालू ठेवूनच तू मला समजावत होतीस. गवत गाय पचवत नाही, तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले जिवाणू पचवतात. भाताने आणि गोडाने तिथे दुसरीच जमात माजली, सगळं आंबट झालं आणि चारा पचवणारे मेले. आता पोट भरलेलं असून ती उपाशी आहे. मग म्हणालीस, "मावशी, औषधाचं काम झालं. आता हिच्या पोटात नव्या जिवाणूंचं बिऱ्हाड हवं. शेजारी कोणाची धडधाकट गाय आहे?"

शेजारी रंगूबाईची तांबू होती. गावठी, ठेंगणी, कडबा आणि बांधावरचं गवत खाणारी. रंगूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढे दिवस तुमची डेजाबाई आमच्या तांबूकडं बघत पण नव्हती. आता कान्व्हेंटच्या गाईला गावठी गाईचं उष्टं चालंल का, इचारा तिला." आणि बोलता बोलताच दावं सोडून तांबूला घेऊन आली. तू नळीने तांबूच्या पोटातलं हिरवट पाणी काढलंस, रंगूबाईच्या धुतलेल्या लुगड्यातून गाळलंस आणि कोमट असतानाच डेझीला पाजलंस. तो वास माझ्या साडीला कितीतरी धुण्यांपर्यंत राहिला.

तू गेलीस त्यानंतर दोन दिवसांनी, ऊन उतरताना, डेझीचा जबडा हलला. आधी अडखळत, मग नेहमीच्या संथ लयीत. मी तिच्याजवळ खाली बसले आणि काका गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. वर्षभर माणसं येत होती, चांगलं बोलून जात होती आणि त्यातलं काहीच माझ्या अंगी लागत नव्हतं. त्या दिवसापासून लागायला लागलं. मी रंगूबाईकडे चहाला जाऊ लागले. ती अजून टोमणे मारते आणि मी दुसरा कप मागते.

आता खरं सांगते. माझ्या आतड्यात गाठ आहे. येत्या गुरुवारी नाशिकला ऑपरेशन आहे. डॉक्टर आशेने बोलतात, मीही आशेनेच जाते आहे. श्रेयसला मेलबर्नला फोन करून उद्या सांगेन. तो मुलगा आहे, आधी घाबरेल. तू आधी विचार करशील, म्हणून तुला लिहिलं. मी परत आले तर हे पत्र फाडून टाक. नाही आले तर डेझी रंगूबाईला द्यायची, तांबूशेजारी बांधायला. चारा हळूहळू बदलायचा, ते तू बघ. डेझीची कालवड दत्तूची. काकांचं घड्याळ श्रेयसला, माझी मोत्यांची कुडी त्याच्या लेकीला, आरोहीला. शिवणाचं मशीन तुझं, तुला शिवता येत नाही तरी. रंगूबाईला मात्र यातलं काही आत्ताच सांगू नकोस. ती रडत बसेल आणि संध्याकाळच्या धारेला उशीर होईल.

तुझीच,
कुसुममावशी