झेंडा हातात असताना

१० मार्च, सोमवार
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं! उजवं मनगट मोडलं. काल जुन्या वाफेच्या गाडीवर, गाडी सुटायच्या आधीच, डब्याच्या पायरीवरून पाय घसरला. फलाटावर आडवी. ड्रायव्हर उचलायला धावला आणि म्हणाला, वहिनी, झेंडा काही सोडला नाहीत. खरंच, मुठीतच होता.

११ मार्च
डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागेल, नाहीतर बोटं नीट वळणार नाहीत. एवढा पैसा कुठून आणू? म्हणजे शिवणयंत्र बंद, कमाई बंद. म्हणजे हे घर सोडून लेकीकडे. लेक चांगली, जावई चांगले. तरी नको. इथे ह्यांची खुर्ची आहे.

१३ मार्च, गुरुवार
गाडी चालवणाऱ्या संस्थेने विमा उतरवलाय – पगारी माणसांचा आणि हौसेने राबणाऱ्यांचाही. पुस्तिका मागवून घेतली. मी स्टेशनांच्या पाट्यांवरून वाचायला शिकलेली बाई. एकेक वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कामावर असताना लागलं तर सगळा खर्च विम्याचा.

पण मी कुठे कामावर होते? त्या इंजिनात कोळसा टाकायचे ते हे – आधी नोकरी म्हणून, निवृत्तीनंतर हौसेने. ते गेल्यापासून मी दर रविवारी इंजिनामागच्या डब्यात बसते. जाते, येते. बस्स.

जावई म्हणाले, "आई, सांगून टाका, डबा झाडत होते म्हणून. कोण बघतंय?"

ह्यांच्या गाडीच्या नावाने खोटं? जीभ उचलणार नाही.

२० मार्च, गुरुवार
विम्याची बाई आली. लेकीच्याच वयाची. सोबत गार्डभाऊजी – ह्यांचे जुने दोस्त – आणि ड्रायव्हर. मी सरळ सांगितलं की कामबिम काही नव्हतं, नवऱ्याच्या आठवणीने जाऊन बसते. भाऊजींनी कपाळावर हात मारला.

बाईने विचारलं, "मग पडताना दाराचा दांडा का नाही धरलात?"

"हातात झेंडा होता ना."

"तुमच्या हातात? तो कसा?"

आता काय सांगू! भाऊजी दर रविवारी हिरवा झेंडा माझ्या हातात कोंबतात आणि दारं लागली का बघायला मागे जातात. त्यांनी खूण केली की मी पायरीवरून झेंडा दाखवायचा. मला वाटायचं, म्हातारीची करमणूक करतात.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मी त्या झेंड्यावर गाडी सोडतो. झेंडा ज्याच्या हातात, तो कामावर. आमच्याकडे हा पहिला नियम."

आणि संस्थेच्या हौशी मंडळींच्या यादीत माझं नावही आहे म्हणे! भाऊजींनी कधी घातलं, कोण जाणे. बाई हसली, पेन उघडलं. मला पुढचं नीट दिसेना.

२७ मार्च
ऑपरेशन झालं. सगळं विम्याने भरलं. बोटं हलतात! देव त्या पोरीचं भलं करो. ड्रायव्हरचंही. ह्यांची माणसं आहेत, म्हणून मी आहे.

६ एप्रिल, रविवार
हात गळ्यात बांधून गेले. भाऊजींना विचारलंच – एवढी माणसं असताना झेंडा मलाच का? ते झेंड्याची घडी उलगडायला लागले. मग म्हणाले, "त्याने जायच्या आधी दवाखान्यात सांगून ठेवलं होतं. ती येईल. तिला नुसती बसू देऊ नका."