बाबांनी उघडलेला मिक्सर

६ जाने.
न्यूरोलॉजिस्ट बाईंनी बाबांना थरथरीसाठी चालू असलेल्या लेव्होडोपासोबत दुसरी गोळी दिली, प्रॅमिपेक्झोल. डोस हळूहळू वाढवायचा. आई म्हणाली, "यांना कप तरी धरता येऊ दे."

३० जाने.
कप धरला. सांडलं नाही. आईने लगेच दुसरा कप भरला.

११ फेब्रु.
बाबांनी हत्यारांची पेटी काढली. मरोळच्या कारखान्यात सगळी नोकरी टूलरूममध्ये झाली, पण पार्किन्सन्स झाल्यापासून पेटीला हात लावला नव्हता. शेजारच्या पाटकर काकू लगेच हजर. "भावोजी, आमचा मिक्सर पण बघा ना, घरघरतोय नुसता." बाबा खूश. पवईच्या ऑफिसातून येताना मी त्यांच्यासाठी पेचकसांचा नवा सेट आणला.

२ मार्च
काकूंचा मिक्सर अजून पेपरवर सुटा. शेजारी आमचं घड्याळ, इस्त्री, पंख्याचा रेग्युलेटर. बाबा स्क्रू आकाराप्रमाणे लावतात, मिसळतात, परत लावतात. जोडत काहीच नाहीत. आईने जेवायला उठवलं तर खेकसले. आई म्हणते, "बिझी आहेत, राहू दे." इतके आनंदात कधी पाहिले होते, आठवत नाही.
तरी हे बरोबर नाही.

३ मार्च
डॉक्टर बाईंना फोन. पुरतं सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "थांबवलं की चिडतात?" हो. एकच काम परत परत करत बसणं, हा नव्या गोळीचा परिणाम. एकदम बंद करायची नाही, टप्प्याटप्प्याने कमी. थरथर वाढू शकते, मग लेव्होडोपाचं बघू.
बाबांना सांगितलं. ते हातातल्या स्क्रूकडे बघत म्हणाले, "म्हणजे मला बरं वाटतंय ते पण गोळीचंच?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

२९ मार्च
डोस उतरला. पेटी बंद. हात पुन्हा थोडा थरथरतो. काकूंचा मिक्सर मी जोडून दिला. काकू म्हणाल्या, "भावोजींचा हात म्हणजे काय!" बाबा खुर्चीतून ऐकत होते. आता फारसं बोलतच नाहीत.

५ एप्रिल
उद्या तपासणी. रिपोर्ट द्यायचा तर सगळं ठीक: झोपतात, वेळेवर जेवतात, चिडत नाहीत. आई भाजी निवडताना हळूच म्हणाली, "गोळी थोडीशी वाढवून मिळेल का गं? अगदी थोडी."
जेवताना बाबांना म्हटलं, "उद्या तुम्हीच बोला बाईंशी. मी मध्ये पडणार नाही."
त्यांनी घास ताटात ठेवला.
"आणि मी वाढवा म्हटलं, त्या नको म्हणाल्या, तर तू कुणाचं ऐकशील?"
आई वाढता वाढता थांबली.