सतराव्या दिवशीचे टेकू

सातारा,
११ जून २०२५

प्रिय महेजबीन,

तुझं रजिस्टर पत्र काल ऑफिसच्या पत्त्यावर मिळालं. मी तुझे फोन घेतले नाहीत असं तू लिहिलं आहेस, ते खरं आहे. ईद नीट पार पडली असेल, अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती आता काठीशिवाय चालते.

तू एकच प्रश्न विचारला आहेस: अब्बांनी टेकू स्वतःच्या मनाने काढले का? त्याआधी काही गोष्टी नीट मांडते, कारण पेपरात त्या चुकीच्या आल्या.

पेपरात 'वाचनालयाचा स्लॅब कोसळला' असं छापलं होतं. पडलं ते दर्शनी बाजूचं छत. भिंतीपासून ते तीन मीटर साठ सेंटिमीटर पुढे येत होतं आणि त्याखाली एकही खांब नव्हता. अशी छतं आता जगभर होतात. आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या फोटोंत पोर्तुगालमधलं एक संग्रहालय आहे, चिलीमधली एक शाळा आहे, जपानमधलं एक वाचनालय आहे. सगळ्यांची छतं हवेत तरंगल्यासारखी. राजवर्धन सरांना, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकांना, पलूस तालुक्यातल्या एका गावात तसं छत हवं होतं. त्यात गैर काही नव्हतं. त्याचा हिशेब माझा होता आणि तोही चुकलेला नव्हता. असं छत मागच्या वजनावर उभं राहतं. त्याच्या मुळाशी वर विटांची भिंत येणार होती. ती आली की छत पुढे कलत नाही. ती येईपर्यंत खालून टेकू ठेवायचे असतात.

१४ फेब्रुवारीला काँक्रीट ओतलं. नकाशावर मी लिहिलं होतं: टेकू किमान अठ्ठावीस दिवस ठेवावेत, आणि मागची भिंत पूर्ण झाल्याशिवाय काढू नयेत. ३ मार्चला, सतराव्या दिवशी, ते काढले गेले. भिंत झालेली नव्हती. छत पडलं आणि त्याखाली अब्बांच्या हाताखालचा गडी आकाराम गेला.

त्या दिवशी मी साइटवर नव्हते. जबाबातही मी हेच सांगितलं आहे.

अब्बांचा, माझ्या चाचांचा, खांदा आता कसा आहे? या कामासाठी मिस्त्री म्हणून त्यांचं नाव मीच सुचवलं होतं, हे विसरलेले नाही. कराडला डिप्लोमा करताना दर रविवारी तुझ्याबरोबर सांगलीला येऊन तुमच्याकडे जेवत होते, तेही नाही.

तब्येतीला जप.

तुझी,
भार्गवी


सातारा,
२९ जून २०२५

महेजबीन,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "मी हो किंवा नाही विचारलं होतं. तू माझाच भूमितीचा तास घेतलास." शाळेत मुलांनाही असंच बोलत असशील तर ती तुझ्यासमोर थापा मारत नसतील.

उत्तर: नाही. त्यांनी स्वतःच्या मनाने काढले नाहीत.

परदेशातल्या एका स्पर्धेसाठी ५ मार्चपर्यंत वाचनालयाचे फोटो पाठवायचे होते. २ तारखेला सकाळी पुण्याहून फोटोग्राफर आला. त्याने काढलेले फोटो बघून सर म्हणाले, "खाली काठ्या दिसल्या तर ते छत नाही, लग्नाचा मांडव आहे. भार्गवी, टेकू काढले तर तुझा आकडा काय म्हणतो?"

मी आकडा काढला. मागची भिंत नसताना छताला मागे धरून ठेवणारं वजन आणि पुढे ओढणारं वजन यांचं प्रमाण १.०८ आलं. आम्ही ते निदान दीड तरी धरतो. १.०८ म्हणजे उभं राहील, पण वर कोणी चढलं नाही तरच. मी सरांना म्हणाले, "उभं राहील." पुढचं अर्धं वाक्य बोलले नाही. माझं नाव प्रवेशिकेवर सरांच्या नावाखाली होतं, हेही इथे लिहून ठेवते.

मग चाचांना फोन केला.

"मॅडम, मागं वजन न्हाई आन फुडं एवढी जीभ भाईर. टेकू काय म्हणून काडायचं?"

"चाचा, मी हिशेब केलाय."

"हिशेब तुमचा, पर डोस्कं आमचं हाय की त्याच्या खाली." ते हसत होते. "घरात पोरी म्हणत हुतो तवा ऐकत हुतीस. मॅडम झालीस आन कान गेलं व्हय?"

मीही हसले. तेवढ्यावर ते तयार होईनात. "लिवून पाठवा," म्हणाले. मी लिहून पाठवलं: "सगळे टेकू उद्या काढा. जबाबदारी माझी." दोन निळ्या खुणा उमटल्या. त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी छताखाली गेला. माझा माझ्याजवळ आहे.

त्यांच्या कामाची रीत तुला माहीत आहे. पहिला टेकू मिस्त्री स्वतः पाडतो, त्याआधी कोणा गड्याचा हात लागत नाही. चाचांचा दुसरा रोजा होता. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून बाहेरच्या टोकाचा टेकू पाडला आणि मग सगळे टोकाकडून भिंतीकडे आत आत येत गेले, काढायची बरोबर पद्धत हीच. शेवटची रांग निघाली तेव्हा पाण्याचे पाइप उतरवायला दोघं वर चढले. वर चढू नका, हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. आकाराम खाली निघालेले टेकू गोळा करत होता.

मी दवाखान्यात आले होते तेव्हा तू औषधं आणायला खाली गेली होतीस. चाचा म्हणाले, "पैला टेकू मी पाडलाय. ज्याचा हात पैला, त्याचं काम. आता दुसऱ्याचं नाव कशाला घिऊ?" मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी त्यांना पाणी हवं का, असं विचारलं.

त्यांचा नियम त्यांनी स्वतःसाठी केलेला होता. मी चार महिने त्याच्या आडोशाला राहिले. त्यांना काम मिळत नाही, त्यांच्यावर केस आहे, आणि मी तुला भिंतीचं वजन समजावत होते. 'मी साइटवर नव्हते' हे वाक्य तंतोतंत खरं आहे. त्याच्याइतकं खोटं मी आजवर दुसरं काही लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट तुला कळायला हवी. छत पडल्यावर ऑफिसात २ तारखेच्याच एका फोटोतले टेकू कॉम्प्युटरवर पुसले. चाळीस मिनिटं लागली. प्रवेशिका वेळेत गेली. मी शेजारच्या टेबलावर बसले होते.

परवा शुक्रवारी मी नोकरी सोडली. काल पलूसला जाऊन पोलिसांना नवा जबाब दिला, मेसेजची प्रत जोडली, फोन त्यांच्याकडे जमा केला. साहेबांनी विचारलं, "मॅडम, चार महिने काय करत होता?" मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

तिथून आकारामच्या घरी गेले. त्याची बायको मनुबाई दारात शेंगा फोडत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"फोटूसाटी?" तिने विचारलं.

"हो."

"मग निघाला का फोटू?"

"निघाला."

"बगू."

फोन जमा केला होता. पिशवीत प्रवेशिकेची छापील प्रत होती, ती दिली. तिने हात पदराला पुसले आणि कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ बघत होती.

"हितं तर उभंच हाय की," ती म्हणाली. कागद परत दिला आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. मी निघाले.

तू माझ्याशी बोलावंस म्हणून हे लिहीत नाही. ८ जुलैला पलूसच्या कोर्टात तारीख आहे, मी येईन. चाचा माझ्यावर रागावतील, आणि ते टेकू काढायला लावले म्हणून नाही, नवा जबाब दिला म्हणून. त्यांना त्याआधी एवढंच सांग, की त्यांनी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. माझं नाव मीच घेतलं.

भार्गवी